धर्म कुणी ठरवायचा?

10 ऑगस्ट 2015 रोजी इथल्या, जयपूरच्या उच्च न्यायालय खंडपीठानं जैनांचा संथारा, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण स्वीकारण्याचं व्रत, आत्महत्या ठरवलं. 31 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं त्या निकालाला स्थगिती दिली. हेच व्रत आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 साली आपल्या कुंथलगिरीला घेतलं होतं.

संथारा धर्माचा अत्यावश्यक भाग असल्याचं सिद्ध झालं नाही, असं खंडपीठ म्हणालं. माझा आक्षेप तिथं आहे. घरच्या म्हातारीवर उपवास लादला जातोय का, हे सरकारनं जरूर तपासावं. धर्मस्वातंत्र्य देणारा अनुच्छेद 25 सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्याची मर्यादा घालतोच. पण तिच्या धर्मात आवश्यक काय, हे तिनंच सांगावं. ते ठरवणं न्यायाधीशांचं काम नाही.