मीटर येण्याआधी मोटर काढू या
(मंडळाच्या सभासद मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय पाण्याचा. नळाला पाणी किती वाजता येतं, हे विचारायला आपण जमलेलो नाही. ते आपल्या घरातल्या बायकांना घड्याळापेक्षा पक्कं माहीत आहे. आज आम्हाला बोलायचं आहे ते पाण्याच्या हिशोबाबद्दल.

आपल्यापैकी बहुतेकांची गावं जळगाव, धुळे, नंदुरबारकडची. १९७२ च्या दुष्काळात कितीतरी घरं गाव सोडून इथे आली, कोणी लूम्सवर, कोणी डाईंग मिलमध्ये लागलं. त्याच वर्षी उकाई धरण पूर्ण झालं. मुलताईहून निघालेली तापी भुसावळ, सारंगखेडा, प्रकाशा करत येते, उकाईला थांबते आणि मग सुरतेला पोचते. म्हणजे गावचं पाणी आपल्या मागोमाग इथवर आलं. १९९५ साली सिंगणपोरला कॉजवे-बंधारा झाला. तो भरतीचं खारं पाणी खाली अडवतो आणि वरच्या बाजूला गोडं पाणी साठवतो. आपल्या शहराला नदीची माया कमी पडलेली नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाईतून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं, तेव्हा तिचा कोपही पाहिला.

पण नदीतलं पाणी फुकट असलं तरी नळातलं पाणी फुकट नसतं. ते उपसावं लागतं, गाळावं लागतं, टाकीत चढवावं लागतं, आणि या सगळ्याला वीज, माणसं, पाइप लागतात. तो पैसा वेऱ्यातून पुरेसा आला नाही, तर पहिली काटछाट दुरुस्तीत होते. पाइप गळतो, गटाराचं पाणी त्यात शिरतं, आणि आपण पिण्यासाठी बाहेरून जार आणतो. वीस लिटरचा जार वीस रुपयांना धरला, तर हजार लिटरला हजार रुपये पडतात. नळाच्या पाण्याला कोणतीही महापालिका एवढा दर लावणार नाही. तेव्हा गरिबाला स्वस्त पाणी हवं असेल, तर नळ धड चालला पाहिजे. आणि तो धड चालायला पैसे लागतात.

पैसे उभे कसे राहतात, याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. बमरोलीला २०१४ साली सांडपाणी आणखी शुद्ध करण्याचा प्रकल्प सुरू झाला, रोज चार कोटी लिटरचा. ते पाणी पांडेसराच्या मिलना विकलं जातं. पुढे डिंडोलीलाही असा प्रकल्प झाला. या विक्रीतून महापालिकेला वर्षाला शंभर कोटींहून जास्त उत्पन्न मिळू लागलं आहे. मिलवाल्याला खात्रीचं पाणी मिळतं आणि तेवढं गोडं पाणी लोकांसाठी वाचतं. ही गोष्ट चांगलीच झाली. पण हे सांडपाणी येतं कुठून? शहरातल्या घराघरांच्या मोऱ्यांतून. मग या उत्पन्नातला वाटा वस्त्यांच्या पाइपलाइन आणि ड्रेनेजसाठी वेगळा ठेवा, असं म्हणायचा हक्क आपल्याला आहे. मिठी खाडीचं पाणी २०२० मध्ये घरात शिरलं, २०२५ च्या जूनमध्ये पुन्हा शिरलं. ज्या घराने ते उपसलं, त्याला हा हक्क समजावून सांगावा लागणार नाही.

आता मीटरकडे येऊ. तापीपलीकडच्या काही भागांत चोवीस तास पाणी आणि मीटर आले, तेव्हा बिलांवरून रहिवासी रस्त्यावर उतरले. आज ना उद्या तो प्रश्न आपल्या प्रत्येक गल्लीत येईल. नुसता विरोध करणं सोपं आहे. पण कऱ्हाडजवळच्या मलकापूरने, म्हणजे एका लहान गावाने, २००९ पासून मीटरवर चोवीस तास पाणी चालवून दाखवलं. गरजेपुरत्या वापराला कमी दर आणि पुढे टप्प्याटप्प्याने जास्त, अशी तिथली पद्धत आहे. म्हणजे मीटर आपला वैरी नाही. दराचा टप्पा कसा आखतात, तिथे लक्ष ठेवायचं.

आणि लिंबायतमध्ये नेमकी तिथेच अडचण आहे. माणशी रोज १३५ लिटर हे शहरातलं सरकारी माप. पाच माणसांच्या घराला महिन्याला सुमारे वीस हजार लिटर लागतात. आपल्याकडे एका कनेक्शनवर मालकाचं कुटुंब आणि वर पाच खोल्या भाड्याच्या असतात. सहा कुटुंबांचं मिळून होतं एक लाख वीस हजार. मीटरला ते एकच घर दिसेल आणि सगळ्यात महाग टप्पा लागेल. मालक ती रक्कम भाड्यात घालेल. ज्याने सगळ्यात कमी पाणी वापरलं, त्या भाडेकरूला ते सगळ्यात महाग पडेल.

हे बोलताना थोडं कडूही बोलावं लागेल. आपण जुने. चाळीस-पन्नास वर्षांत घरं बांधली, मजले चढवले. मालक आज आपणच आहोत आणि नळाला थेट मोटर लावून पाणी ओढणाऱ्यांतही आपण आहोत. आमच्या घरातही मोटर होती, हे इथे कबूल करतो. पुढच्या घरात मोटर सुरू झाली की गल्लीच्या टोकाला हंडा भरत नाही. तिथे कोणी ओडिशाचा असेल, कोणी बिहारचा, कोणी कालपरवा खानदेशातून आलेला आपलाच पोर. शिवाय मोटरच्या ओढीने फुटक्या पाइपात बाहेरची घाण आत खेचली जाते. आजार मग मालकालाही होतो आणि भाडेकरूलाही.

म्हणून मंडळापुढे आमच्या चार सूचना आहेत. एक, सभासदांनी नळाला थेट लावलेली मोटर काढावी. सुरुवात कार्यकारिणीपासून व्हावी. दोन, मीटर आला तर दराचा टप्पा कनेक्शनवर नको, कुटुंबांच्या संख्येवर हवा, आणि भाडेकरूंची खरी संख्या लपवायची नाही. तीन, आपल्या भागात किती पाणी सोडलं, किती वेरा जमला, किती दुरुस्तीला गेला, याचा हिशोब दर सहा महिन्यांनी वॉर्डात जाहीर व्हावा. तीन लाखांवरच्या शहरांत वॉर्ड समित्या असाव्यात, असं ७४ वी घटनादुरुस्ती १९९३ पासून सांगते. तिचा आधार घेऊन हे मागू या. चार, सांडपाण्याच्या उत्पन्नातला ठरावीक हिस्सा वस्त्यांसाठी राखून ठेवावा.

२०२४ साली केंद्रातलं जलशक्ती खातं आपल्याच नवसारी मतदारसंघाच्या खासदारांकडे, जळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या सी. आर. पाटील यांच्याकडे आलं. याचा आनंद सगळ्यांना झाला. पण मंत्री आपला आहे म्हणून गल्लीच्या टोकाचा नळ चालत नाही. तो आपण मागणी लेखी केली, हिशोब विचारला आणि आपलं घर आधी नीट ठेवलं, तर चालतो.

आषाढ शुद्ध सप्तमीला आपण तापीमातेला चुनरी वाहतो. येत्या सप्तमीपूर्वी आपल्या गल्लीतली एकही मोटर नळावर राहू नये, एवढी विनंती करून आम्ही थांबतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र! जय गुजरात!