पट्टी नॉर्मल आली, पुढे काय?

गावोगावी दवाखाने चालवणाऱ्या माझ्या डॉक्टर मित्रमैत्रिणींनो,

व्यवसायापुढच्या सगळ्या प्रश्नांचा आढावा अध्यक्षाने घ्यावा, अशी प्रथा आहे. आज ती बाजूला ठेवून मी हाती असलेला सगळा वेळ एकाच रुग्णाला देणार आहे. हा रुग्ण हृदयविकारातून वाचला आहे आणि आता भीतीने घरात बसला आहे.

त्याला तुम्ही सगळे ओळखता. अँजिओप्लास्टी होऊन काही महिने झालेत, टूडी इको चांगला आहे, गोळ्या वेळेवर चालू आहेत. तरी तो जिना चढत नाही. शर्टाच्या खिशात जिभेखाली ठेवायची गोळी आणि उशाशी बीपीचं मशीन कायम असतं. डाव्या कुशीवर झोपायचं त्याने सोडलंय. मध्यरात्री उठून मनगटावर बोटं ठेवून ठोके मोजतो. बायकोही जागीच असते, कारण त्याचा श्वास नीट चालू आहे ना, याकडे तिचं लक्ष असतं. नात्यातल्या लग्नाला जायचं तर त्या गावात हार्टचा दवाखाना आहे का, हे आधी विचारतो. आपल्यासमोर बसला की म्हणतो, "डॉक्टर, जीव घाबरा होतोय, एकदा पट्टी काढा." ईसीजीची पट्टी नॉर्मल येते. "काही नाही, टेन्शन घेऊ नका," असं सांगून आपण पुढचा पेशंट बोलावतो. चार दिवसांनी तो पुन्हा दारात उभा असतो.

हृदयविकाराच्या झटक्यानंतर काही आठवडे भीती वाटणं स्वाभाविक आहे, ती बहुतेकांची ओसरते. ज्यांची ओसरत नाही त्यांना चिंताविकार असू शकतो, आणि त्यावर उपचार आहेत. कुणाला दिवसभर काळजी पोखरत असते, कुणाला अचानक पॅनिकचा झटका येतो. छातीत डिफिब्रिलेटर बसवलेल्या माणसाला एकदा त्याचा शॉक बसला की पुढच्या शॉकची धास्ती तो सतत बाळगू शकतो.

ही भीती हृदयालाही महागात पडते. जिना नको, चालणं नको, असं करता करता पायांची आणि फुप्फुसांची सवय मोडते. मग नळावरून घागर आणली तरी धाप लागते. धाप लागली की माणसाला वाटतं, हार्ट पुन्हा बिघडलं. आणि तो आणखी कमी हलतो. शरीर सतत ताणाखाली असल्याने नाडी आणि रक्तदाब चढे राहतात, झोप उडते, सुटलेली तंबाखू परत सुरू होते. २०१० साली अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यात झटक्यानंतर चिंताग्रस्त असलेल्यांमध्ये पुढच्या हृदयविकारांची आणि मृत्यूची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने जास्त दिसली. हे सगळं चिंतेमुळेच होतं असं त्यावरून सिद्ध होत नाही, पण दुर्लक्ष करावं इतका हा फरक लहान नाही.

इथे उलट्या बाजूच्या धोक्याचंही सांगायला हवं. "हिला काय, नेहमीचीच घाबरते," असं म्हणत घरी पाठवलेल्या बाईला खरोखरच झटका आलेला असू शकतो. स्त्रियांमध्ये आणि मधुमेहींमध्ये लक्षणं बऱ्याचदा पुस्तकातल्यासारखी नसतात. पॅनिकचा झटका काही मिनिटांत कळसाला पोचतो आणि साधारणतः ओसरतो, श्रमाची कळ विश्रांतीने थांबते, हे ढोबळ फरक मला ठाऊक आहेत. पण हृदयरोग असलेल्या माणसाला नवी किंवा वाढलेली तक्रार असेल तर आधी पट्टी आणि ट्रोपोनिन, शिवाय थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही. चिंतेचं निदान त्यानंतर. मात्र ते निदान करायचंच, आणि कागदावर लिहायचं.

त्यासाठी वेळ नाही, ही तक्रार मी मान्य करणार नाही. दोन प्रश्न पुरतात. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा अस्वस्थ, घाबरल्यासारखं वाटलं? किती वेळा काळजी थांबवताच आली नाही? प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. बेरीज तीन किंवा जास्त आली तर खोलात शिरायचं.

उपचारांत आपली पहिली धाव अल्प्राझोलामकडे असते. २०१४ पासून ते अनुसूची एच-१ मध्ये आहे, त्याची सवय लागते, म्हाताऱ्यांना तोल जाऊन पडण्याचा धोका असतो. महिनोन्महिने ते चालू ठेवणं हा उपचार नव्हे, असं माझं ठाम मत आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत हृदयरोग आणि चिंता दोन्ही असलेल्या १२८ जणांपैकी काहींना बारा आठवडे एस्सिटॅलोप्रॅम दिलं. व्यायाम केलेल्यांपेक्षा आणि नुसती दिखाऊ गोळी घेतलेल्यांपेक्षा त्यांची चिंता जास्त कमी झाली. मात्र क्यूटी अंतर पाहूनच ते द्यावं, आणि ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल चालू असेल तर रक्तस्रावाकडे लक्ष ठेवावं. म्हणून व्यायाम सोडायचा का? मुळीच नाही. हृदयासाठी तो लागतोच, आणि कुणी सोबत चालणारा असला तर जिन्याची धास्तीही पायरी पायरीने जाते. आपल्याच देशात २४ रुग्णालयांतून झालेल्या 'योग-केअर' चाचणीत योगावर आधारित पुनर्वसनाने मृत्यू आणि झटके लक्षणीय घटल्याचं सिद्ध झालं नाही, पण माणसं आपल्या नेहमीच्या कामांकडे जास्त चांगली परतली. मला हे यश मोठं वाटतं. बोलून करायचे उपचार सगळ्या तालुक्यांत मिळत नाहीत. तिथे निदान टेली-मानसचा १४४१६ हा नंबर चिठ्ठीवर लिहून द्या.

शेवटी डिस्चार्ज कार्डाबद्दल. त्यावर गोळ्या असतात, मीठ कमी करा असतं, पुढची तारीख असते. जिना कधी चढायचा, मोटरसायकल कधी चालवायची, पतिपत्नींनी जवळ कधी यायचं, हे नसतं. दोन मजले त्रास न होता चढता येत असतील तर बहुतेकांना शरीरसंबंधाला हरकत नसते, एवढं वाक्यही कुणी सांगत नाही, आणि लाजेपायी कुणी विचारत नाही. दुपारच्या सत्रात मी एक ठराव मांडणार आहे: आपल्या भागातल्या प्रत्येक हृदयरुग्णाच्या कार्डावर हे तीन मुद्दे मराठीत छापले जावेत, आणि पहिल्या, तिसऱ्या व सहाव्या महिन्याच्या तपासणीत ते दोन प्रश्न विचारून गुण लिहिले जावेत. मसुदा तुमच्या पिशवीत आहे. जेवणाच्या सुट्टीत वाचा, आणि दुरुस्त्या लेखी द्या.