पुराची रेषा आणि घराचा उंबरा

कोल्हापूर शहरात श्रावणाच्या सुमारास सकाळी रस्त्यात भेटणारी दोन माणसे परस्परांची खुशाली विचारण्याआधी एक आकडा विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे पाणी किती फुटांवर आहे, हा तो आकडा होय. ३९ फूट ही इशारा पातळी व ४३ फूट ही धोका पातळी, ही दोन मापे तेथील शाळकरी मुलांनाही मुखोद्गत असतात. सांगलीत हाच मान आयर्विन पुलाकडे जातो. तेथे ४० फूट इशाऱ्याचे आणि ४५ फूट धोक्याचे. नदीशी एवढी जुनी ओळख असूनही ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा ५५ फुटांच्या वर आणि सांगलीस कृष्णा ५७ फुटांच्या वर चढली, तेव्हा असंख्य कुटुंबांना अंगावरच्या वस्त्रानिशी घर सोडावे लागले. दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, पंचगंगेने आपलाच उच्चांक मोडला. बंधाऱ्यावरचा आकडा सर्वांच्या तोंडी होता. तो आकडा आपल्या घराविषयी काय सांगतो, हे मात्र फार थोड्यांनी कधी पडताळून पाहिले होते.

हा पूर कसा येतो हे एकवार नीट समजून घेतले पाहिजे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या नद्या सह्याद्रीच्या अतिवृष्टीच्या पट्ट्यातून उतरतात व प्रयाग चिखलीजवळ एकत्र येतात. पाचवी सरस्वती श्रद्धेने गुप्त मानली जाते. तेथून निघालेली पंचगंगा सपाट, काळ्या मातीच्या मुलखातून संथपणे जाऊन नरसोबाच्या वाडीस कृष्णेला मिळते. डोंगरात पाण्याला जो वेग असतो तो येथे उरत नाही. त्यात कृष्णा स्वतःच तुडुंब भरलेली असली, तर पंचगंगेचे पाणी पुढे सरकण्याऐवजी मागे तुंबत राहते. म्हणूनच कोल्हापूरचा पूर चढतो सावकाश आणि उतरतो त्याहूनही सावकाश. भिंतीला एक तास लागलेले पाणी आणि सहा दिवस लागून राहिलेले पाणी यांत घरमालकाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. मातीत बांधलेल्या दगडी भिंती, सागवानी चौकटी, जमिनीखालून नेलेल्या विजेच्या तारा, यांचा घात हे रेंगाळणारे पाणीच करते.

वाडीच्या दत्तमंदिरात पाणी चढून पादुकांवरून वाहत दक्षिणेकडच्या दाराने बाहेर पडू लागले, की भाविक ‘दक्षिणद्वार’ सोहळ्याच्या स्नानासाठी गर्दी करतात. नदी वर येणार हे गृहीत धरूनच तेथले सारे नित्यक्रम बसविले गेले आहेत. पाणी जसजसे चढते तसतशी उत्सवमूर्ती वरच्या जागी हलविली जाते. जुन्या वस्तीने नदीला तिची जागा मोकळी ठेवली होती. नव्या वस्तीला जमीन हवी होती, आणि स्वस्त जमीन बहुधा सखल असते.

पुष्कळांचा असा समज असतो की, आपले घर नदीपासून एक-दीड मैलावर आहे, त्याअर्थी आपल्याला पुराची धास्ती नाही. कोल्हापुरात शाहूपुरीची कुंभार गल्ली आणि व्हीनस कॉर्नरचा परिसर यांनी हा समज खोटा ठरविला आहे. तेथे पाणी येते ते जयंती नाल्यातून. एरवी हा नाला शहराचे पाणी नदीत नेऊन सोडतो; नदी फुगली की तिचेच पाणी उलट नाल्यात शिरते आणि नदी डोळ्यांनाही दिसत नाही अशा गल्लीत गुडघाभर, मग कंबरभर चढते. तेव्हा विचारायचा प्रश्न नदी किती दूर आहे हा नसून, आपला उंबरा किती उंचीवर आहे आणि जवळचा नाला कोणत्या उंचीला नदीशी जोडलेला आहे, हा आहे.

या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यास मोठे शास्त्र लागत नाही. गल्लीतल्या वडीलधाऱ्या माणसांकडे चौकशी केली म्हणजे २००५, २०१९ व २०२१ या तीन पुरांत पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले होते हे कळते. भिंतीवरचा ओलीचा जुना डागही पुष्कळदा साक्ष देतो. त्या त्या दिवशी बंधाऱ्यावर किती फूट पाणी होते याची नोंद जलसंपदा खात्याकडे व वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांत सापडते. समजा, बंधाऱ्यावर ४७ फूट पाणी असता गल्लीच्या तोंडाशी पाणी लागते आणि ५० फुटांना ते उंबऱ्यावर येते. हे दोन आकडे घरातल्या प्रत्येकास ठाऊक असावेत. पाणी तीन तासांस एक फूट या गतीने चढत असेल आणि बंधाऱ्यावर ४६ फूट झाले असेल, तर उंबरा बारा तासांच्या अंतरावर आहे, पण गल्लीचे तोंड तीनच तासांच्या. म्हाताऱ्या आईला हलवावयाचे, की धान्याची पोती माळ्यावर चढवावयाची, याचा क्रम हा हिशेब ठरवितो. नदीच्या पाण्याला उतार असतो, त्यामुळे बंधाऱ्यावरच्या फुटांची आणि आपल्या दारातल्या फुटांची वजाबाकी नेहमी तंतोतंत जुळत नाही. म्हणून प्रत्यक्ष पाहिलेली नोंद केव्हाही अधिक विश्वासार्ह.

सगळेच पूर असे पूर्वसूचना देऊन येत नाहीत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा पुणेकरांना अवधी मिळाला नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत ज्या घरांच्या आसपास नदी अशी कोणी कधी मानलीच नव्हती, तेथे मिठी नदीने आपले अस्तित्व सिद्ध केले. वडोदऱ्यातील मराठी कुटुंबांना ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने हाच अनुभव दिला. अशा ठिकाणी बंधाऱ्याचा आकडा हाताशी नसतो. रस्त्याची पातळी, गटाराचा उतार आणि जोत्याची उंची, एवढ्यावरच अंदाज बांधावा लागतो.

महाराष्ट्रात नद्यांच्या काठी शासनाने निळी व लाल अशा दोन पूररेषा आखण्याची पद्धत ठेवली आहे. सर्वसाधारणपणे, सरासरीने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा ती निळी, आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. नदी आणि निळी रेषा यांमधील क्षेत्र निषिद्ध. तेथे बागा, क्रीडांगणे, शेती यांसारखा मोकळा उपयोग अभिप्रेत आहे. निळ्या व लाल रेषेमधील क्षेत्रात बांधकामास अटी आहेत. जागा विकत घेताना सात-बाराचा उतारा आणि मालमत्तापत्रक पाहणारा चोखंदळ गृहस्थ या रेषांचा नकाशा पाहावयास मात्र महापालिकेत क्वचितच जातो. विकणारा तर आपण होऊन तो दाखविणार नाही.

‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी फार मोठी दिशाभूल केली आहे. ऐकणाऱ्यास वाटते, एकदा येऊन गेला, आता नातवंडांच्या काळापर्यंत निश्चिंती. वस्तुतः त्या शब्दांचा अर्थ इतकाच की, असा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याचा संभव शंभरात एक आहे. नदी मागचे वर्ष लक्षात ठेवीत नाही. वीस वर्षांच्या मुदतीचे कर्ज काढून लाल रेषेवर घर घेतले, तर कर्ज फिटण्याच्या आत निदान एकदा पाणी घरात येण्याचा संभव शंभरात सुमारे अठरा भरतो. तेच घर निळ्या रेषेवर असेल, तर हा संभव शंभरात सुमारे छप्पन्न, म्हणजे निम्म्याहून अधिक. शिवाय या रेषा मागील नोंदींवरून काढलेल्या असतात. दोनच वर्षांच्या अंतराने दोनदा जुने उच्चांक मोडले गेले, तेव्हा त्या नोंदींवर किती विसंबावे याचाही विचार करावयास हवा.

आता पैशाचा प्रश्न. पूर ओसरल्यावर तलाठी पंचनामा करतो आणि शासनाची मदत मिळते, हे खरे. पण ती मदत म्हणजे नुकसानभरपाई नव्हे. केंद्र शासनाने २०२२ ते २०२६ या काळासाठी जे निकष ठरविले, त्यांत सपाट प्रदेशातील पूर्ण पडलेल्या पक्क्या घरास १,२०,००० रुपये होते. राज्य शासन प्रसंगी त्यात भर घालते. आठशे चौरस फुटांचे साधे घर पुन्हा उभे करावयाचे आणि बांधकामाचा दर फुटास २,००० रुपये धरला, तरी खर्च सोळा लाखांवर जातो. मधले अंतर एकतर साठविलेल्या पुंजीतून भरून निघते, नाहीतर विम्यातून.

अमेरिकेत नेहमीच्या घरविम्यात पूर धरलेलाच नसतो. म्हणून तेथील सरकारने १९६८ साली पुराच्या विम्याची स्वतंत्र योजना सुरू केली. आपल्याकडे स्थिती याहून सोयीची आहे, आणि तरीही तिचा लाभ घेणारे थोडे आहेत. विमा नियामक प्राधिकरणाच्या आदेशाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ हा एकाच नमुन्याचा घरविमा सर्वसाधारण विम्याच्या कंपन्यांकडून मिळू लागला. आग, वीज, भूकंप यांच्या बरोबरीने वादळ, पूर व जलमय होणे ही संकटे त्यात अंतर्भूत आहेत. कोकणातील घरमालकांनी विशेष ध्यानात घ्यावे की, दरड कोसळणेही आहे. घर राहण्यास अयोग्य झाले, तर तेवढ्या काळापुरते दुसरीकडच्या भाड्याची तरतूद ठराविक मर्यादेत आहे. मुदत दहा वर्षांपर्यंत घेता येते.

विम्याची रक्कम ठरविताना घराची बाजारातील किंमत पाहावयाची नसते. जमीन वाहून जात नाही. तितकेच बांधकाम आज पुन्हा करण्यास जो खर्च येईल, तो म्हणजे चटईक्षेत्र गुणिले बांधकामाचा दर, हीच रक्कम. वरच्या उदाहरणात ती सोळा लाख. घरातल्या सर्वसाधारण सामानाला इमारतीच्या रकमेच्या वीस टक्के, परंतु दहा लाखांच्या आत, आपोआप संरक्षण मिळते. येथे ते ३,२०,००० रुपये होईल. सामान अधिक किमतीचे असेल, तर त्याची यादी देऊन रक्कम वाढवून घ्यावी. पूर्वीच्या विम्यात एक जाचक कलम असे. वीस लाखांच्या घराचा दहाच लाखांचा विमा काढला असेल आणि चार लाखांचे नुकसान झाले, तर कंपनी दोनच लाख देई. अर्धा विमा, म्हणून अर्धी भरपाई. ‘भारत गृह रक्षा’मध्ये ते कलम काढून टाकले आहे. मध्यमवर्गीय घरमालकास हा बदल इतर कोणत्याही सवलतीपेक्षा मोलाचा आहे, आणि त्याची वाच्यता सर्वांत कमी झाली आहे.

या विम्यात काय नाही, तेही पाहिले पाहिजे. रोकड, कागदपत्रे, वाहने त्यात येत नाहीत. दागदागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तूंसाठी वेगळे संरक्षण मागून घ्यावे लागते. दारात बुडालेल्या मोटारीचा विचार मोटारीच्या विम्यातच होतो. आणि पाणी शिरलेले यंत्र सुरू करून पाहण्याचा मोह झाला, तर त्याने बिघडलेल्या यंत्राची भरपाई साध्या विम्यात बहुधा नाकारली जाते.

सर्वांत मोठा घोटाळा कर्जाच्या कागदांत असतो. कर्ज देताना बँकेने हप्ता कापून ‘विमा काढला आहे’ असे सांगितलेले असते आणि गृहस्थ निर्धास्त असतो. तो विमा पुष्कळदा कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. त्याच्या पश्चात कर्ज फिटावे एवढाच त्याचा हेतू. भिंत पडली तर त्यातून एक पैही मिळत नाही. घराचा विमा असलाच, तर तो कर्जाच्या रकमेएवढा आहे की बांधकामाच्या, आणि त्यात सामान धरले आहे की नाही, हे प्रत्यक्ष कागद उघडून वाचल्यावाचून कळावयाचे नाही. सदनिकांच्या सहकारी संस्थेतही तसेच. संस्थेने इमारतीचा विमा काढला असेल. तळमजल्यावरच्या सभासदाचे कपाट, पलंग आणि शीतकपाट त्यात येतीलच असे नाही.

पाणी आल्यानंतरची गोष्ट थोडक्यात सांगता येते. कंपनीस त्याच दिवशी कळवावे. चिखल धुण्यापूर्वी प्रत्येक खोलीची आणि भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेची छायाचित्रे घ्यावीत. सर्वेक्षक येऊन पाहून जाईपर्यंत निकामी झालेले सामान शक्यतो फेकू नये. फेकणे भागच असेल, तर छायाचित्र व यादी ठेवावी. शासकीय पंचनाम्याची नक्कल जपावी. विम्याचा कागद खालच्या कपाटात ठेवून तो सामानाबरोबरच भिजविणारी कुटुंबे आहेत, म्हणून त्याची एक प्रत परगावच्या नातेवाइकाकडे किंवा मोबाइलमध्ये असावी. कंपनीने दावा अन्याय्य रीतीने नाकारला, तर प्रथम कंपनीच्याच तक्रार-निवारण विभागाकडे व तेथे दाद न मिळाल्यास विमा लोकपालाकडे जाता येते; त्यासाठी शुल्क नाही व वकीलही लागत नाही. पुणे व मुंबई येथे लोकपालांची कार्यालये आहेत.

भाड्याने राहणाऱ्यांविषयी कोणी फारसे बोलत नाही. पूरक्षेत्रातील तळमजल्यावरच्या खोल्यांचे भाडे कमी असते, म्हणून तेथे बहुधा तेच राहतात. भिंती घरमालकाच्या आणि बुडणारा संसार भाडेकरूचा, अशी ही विभागणी आहे. इमारतीचा विमा भाडेकरू काढू शकत नाही, पण याच ‘भारत गृह रक्षा’मध्ये केवळ घरातील सामानाचा विमा काढण्याची मुभा आहे. त्यासाठी घर स्वतःच्या मालकीचे असावे लागत नाही. घरात काय आहे आणि त्याची किंमत काय, याची खरी यादी द्यावी लागते.