परतीच्या पाखरांना भेटायला जाताना



महाराष्ट्रात पक्षी सप्ताह 5 ते 12 नोव्हेंबर या काळात साजरा होतो. मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवशी त्याची सुरुवात होते आणि सालिम अलींच्या जन्मदिवशी सांगता. उत्तरेचे पाहुणे तेव्हा येत असतात, म्हणून पक्षिमित्र मंडळांच्या सहलीही हिवाळ्यातच निघतात. माझं सांगणं असं, की एक सहल मार्चसाठी, हे पाहुणे परतीला लागण्याच्या काळासाठी, राखून ठेवा.

नांदूर मध्यमेश्वरचंच घ्या. निफाड तालुक्यात गोदावरी-कादवेच्या पाण्यावर बंधारा झाला, मागे गाळ साचत गेला, बेटं आणि दलदल तयार झाली. राज्यातलं हे पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत. डिसेंबरात तिथे भुवई बदकाचा नर मादीपासून वेगळा काढताना जाणकारही अडखळतात. मार्चमध्ये त्याच नराच्या डोळ्यावर पांढरीशुभ्र भुवई उमटलेली असते. पांढऱ्या धोब्याचा गळा काळा होऊ लागतो, पिवळा धोबी खऱ्या अर्थानं पिवळा दिसतो. नवशिक्यांना ओळख पटवायला याहून सोपा काळ नाही. काठावर पळस-पांगारा असेल तर तिकडेही बघा, भोरड्यांचे थवे मधासाठी उतरतात.

आता महत्त्वाचं. दिवस मोठा होऊ लागला, की या पाहुण्या पक्ष्यांच्या शरीरात बदल सुरू होतात. भूक वाढते, अंगावर चरबी चढते. हीच त्यांची परतीच्या वाटेची शिदोरी. चक्रवाक लडाख-तिबेटकडे निघणार, पट्टकदंब हंस हिमालय ओलांडणार. बरीच बदकं रात्री चरतात आणि दिवसा पाण्यावर विसावतात. आपल्याला तो थवा नुसता बसलेला वाटतो, पण ती विश्रांती त्यांना हवी असते. उडत्या थव्याचा फोटो मिळावा म्हणून होडी आत घालणं, टाळ्या वाजवणं, ड्रोन सोडणं हे प्रकार मला अजिबात मान्य नाहीत. अशा प्रत्येक उड्डाणात साठवलेली चरबी विनाकारण खर्च होते.

मग जवळ किती जायचं? ते पक्ष्यांनाच विचारा. माना ताठ झाल्या, डोकी वरखाली होऊ लागली, विखुरलेली बदकं एकत्र सरकू लागली, की तिथेच थांबा आणि हळूच मागे या. आवाज ऐकवून पक्षी बोलावू नका.

उजाडण्याआधी पोहोचा, सूर्य पाठीशी राहील असा काठ निवडा. कपडे मातकट रंगाचे, डोक्यावर टोपी, पाणी भरपूर. ऊन चढायच्या आत परत फिरा. मोठा गट असेल तर छोट्या तुकड्या करा, प्रत्येक तुकडीत एक जाणकार आणि नोंदी लिहिणारा एक जण हवा. आठ पट मोठं दाखवणारी दुर्बीण पुरेशी आहे. जास्त ताकदीची हातात हलते. पक्ष्यांची नावं लिहिताना अंदाजे संख्याही लिहा. कोणती जात कधीपर्यंत थांबली, हे अशाच नोंदींतून कळतं.

एखाद्या पक्ष्याच्या पायात कडं किंवा मानेत पट्टा दिसला, तर त्याचा रंग, त्यावरची अक्षरं, तारीख आणि ठिकाण टिपून घ्या आणि मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला जरूर कळवा.