माझ्या मुलीचा अर्ज



मी काही वक्ता नाही. एसटीच्या कार्यशाळेत ३४ वर्षं मेकॅनिक होतो. ५८व्या वर्षी निवृत्त झालो. पहिले सहा महिने चहा, पेपर आणि नमाजनंतर मशिदीबाहेरच्या गप्पा यांत गेले. मग बायकोच म्हणाली, "घरात बसून माझ्या भाजीत मीठ किती ते सांगत बसण्यापेक्षा काहीतरी शिका."

माझं शिक्षण दहावी. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा आधी पूर्वतयारी शिक्षणक्रम केला, मग बी.ए.ला नाव घातलं. रविवारी अभ्यासकेंद्रावर तास असायचे. पहिल्या दिवशी पोरांना वाटलं, मी शिपाई आहे. एकानं मला पंखा लावायला सांगितला. मी लावला आणि त्याच्याच शेजारी जाऊन बसलो.

तिथं मला पहिला धक्का बसला तो शेख महंमदांचा. श्रीगोंद्याला त्यांच्या समाधीवर मी लहानपणी अम्मीबरोबर जायचो. नारळ, साखर, धूप एवढंच माहीत. या माणसानं मराठीत 'योगसंग्राम' नावाचा ओवीबद्ध ग्रंथ लिहिलाय, हे मला साठीत कळलं. "तुम्ही मराठी छान बोलता हं," असं लोक मला आयुष्यभर कौतुकानं म्हणत आले आणि मी हसून घेत आलो. आता हसत नाही, शेख महंमदांचं नाव सांगतो.

दुसरा धक्का मोठा होता, आणि तो सांगण्यासाठीच मी आलोय.

आमचे सर तासानंतर थांबून तत्त्वज्ञानाच्या गोष्टी सांगायचे. एकदा त्यांनी इब्न रुश्दबद्दल सांगितलं. जन्म ११२६, अंदलूसमधलं कुर्तुबा. काझी, हकीम आणि अॅरिस्टॉटलचा मोठा भाष्यकार. त्यानं प्लेटोच्या 'रिपब्लिक'वरही लिहिलं. मूळ अरबी हरवलं, हिब्रू भाषांतर उरलं. त्यात तो म्हणतो, की आपल्या शहरांत बायकांना फक्त मुलं जन्माला घालायला आणि वाढवायला ठेवलंय, त्यामुळे त्यांची कुवत वाया जाते. आणि या शहरांच्या गरिबीचं तेही एक कारण आहे.

सर पुढं बोलत होते. मला ऐकू येत नव्हतं.

माझ्या मुलीला दहावीला ७२ टक्के होते. पुढचं कॉलेज तालुक्याला. मी म्हटलं, "रोज एसटीनं एकटी कुठं जाणार? लोक काय म्हणतील?" एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न लावलं. आणि दुसऱ्यांच्या मुली कॉलेजला वेळेवर पोचाव्यात म्हणून त्याच एसटीचे ब्रेक मी रोज तपासत होतो. मी मजहबचं कारणही पुढं केलं होतं. आठशे वर्षांपूर्वीच्या एका काझीनं ते माझ्या हातातून काढून घेतलं.

पुढच्या आठवड्यात मुलीकडं गेलो. विद्यापीठाचा अर्ज घेऊन गेलो होतो. मला वाटलं, रडेल, गळ्यात पडेल. तिनं अर्ज बघितला आणि म्हणाली, "अब्बा, तुम्हाला हे पुस्तकातून कळायला हवं होतं का? मी तेव्हा तीन दिवस जेवले नव्हते."

माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही.

थोड्या वेळानं ती म्हणाली, "अर्ज मी माझा भरीन. तुम्ही रविवारी मुलं सांभाळा."

म्हणून गेली दोन वर्षं माझा रविवार नातवंडांबरोबर जातो. माझे तीन पेपर राहिलेत, ते होतील सावकाश. ती दुसऱ्या वर्षाला आहे.

"शिकायला वय नसतं," असं म्हणून तुम्ही माझ्यासाठी टाळ्या वाजवाल. वाजवू नका. मला उशीर झाला, त्याची किंमत मी नाही, तिनं मोजली. आज घरी गेल्यावर एवढंच बघा, की तुमच्या घरात कुणाचं शिक्षण कुठं थांबलंय आणि ते कुणी थांबवलंय. आणि तिला अर्जाबरोबर मोकळा रविवारही द्या.