शेंगा फोडणाऱ्या हातांचा प्रश्न



यंत्राला एक पक्ष प्रगती म्हणतो, तर दुसरा बेकारी. भुईमुगाच्या शेंगा फोडण्याच्या एका साध्या यंत्राच्या निमित्ताने मला तिसराच प्रश्न मांडावयाचा आहे. यंत्राची परीक्षा कोणी घ्यावी आणि कोणत्या कसोटीवर?

२००१ साली जॉक ब्रँडिस हे गृहस्थ माली देशातील एका खेड्यात पाणीपुरवठ्याची यंत्रणा दुरुस्त करावयास गेले होते. तेथील स्त्रिया हातांनी शेंगा फोडताना पाहून त्यांनी यंत्र आणून देण्याचे वचन दिले. अमेरिकेत परतल्यावर कळले, की गरिबाला परवडेल असे यंत्र बाजारात नाहीच. जेथे क्रयशक्ती नाही तेथील गरज बाजाराला दिसत नाही, हे अर्थशास्त्राचे जुने सत्य आहे. अखेर एका बल्गेरियन रचनेचा आधार घेऊन त्यांनीच ते घडविले.

काँक्रीटचे दोन शंकू एकात एक बसविलेले. बाहेरचा स्थिर, आतला हाताने फिरविण्याचा. मधली फट वर रुंद व खाली अरुंद. घसरत येणारी शेंग अडते तेथे घासली जाऊन फुटते. टरफले मात्र सुपानेच पाखडावी लागतात. तासाला सुमारे ५० किलो शेंगा फुटतात. साचा मिळाला, की सिमेंट, वाळू आणि थोडे लोखंड यांतून ते गावातच तयार होते.

परंतु तासाला किती किलो, एवढीच परीक्षा पुरेशी नाही. दाणे किती फुटले, हेही मोजले पाहिजे. फुटका दाणा बियाण्याला निरुपयोगी, शिवाय त्याला बुरशी लवकर धरते. लहान-मोठ्या वाणांना फट जुळते काय? मोडलेला भाग गावचा लोहार दुरुस्त करील काय? आणि फिरविणारीचा खांदा संध्याकाळी काय सांगतो?

ही दृष्टी आपणास नवी नाही. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. स्त्रीला तो आठ तास फारसे श्रम न पडता चालविता यावा आणि किंमत १५० रुपयांहून अधिक नसावी, अशा त्याच्या अटी होत्या. तेथे माणूस आधी होता, वेग नंतर.

शेवटची कसोटी मालकीची. आपल्याकडे शेंगा फोडणे ही अनेक भूमिहीन स्त्रियांची मजुरी आहे. तेच यंत्र व्यापाऱ्याच्या वखारीत गेले, तर पहिल्याच दिवशी ही मजुरी बुडेल. ते त्याच स्त्रियांच्या सामायिक मालकीचे असेल, तर वाचलेला वेळ आणि फोडणावळ दोन्ही त्यांच्या पदरी पडतील. काँक्रीट तेच, शंकूही तेच. फरक फक्त मालकीचा.

म्हणून तंत्रज्ञांना माझी विनंती आहे, की चाचणीच्या तक्त्यात आणखी एक रकाना घाला : हे यंत्र कोणाचे? आणि तो रकाना भरून घेणे, हे आपल्या चळवळीचे काम आहे.