पाटी वाचूनच बसा



“तू तिकडं नक्की करतेस काय?” असं सकाळपासून चार जणांनी विचारलं. म्हणून कामातलीच एक गोष्ट सांगते.

आपल्या वेळी पाथर्डीच्या स्टँडवर गाड्या सगळ्या लालच. नगरची कुठली, शेवगावची कुठली, हे पाटी वाचल्याशिवाय कळायचं नाही. कॉम्प्युटरला आम्ही आज्ञा टाइप करून देतो, त्या ओळीच्या सुरुवातीला अशीच पाटी असते. तिला प्रॉम्प्ट म्हणतात. पुष्कळदा तिथं नुसतं डॉलरचं चिन्ह असतं. म्हणजे बिनपाटीची गाडी!

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्यासमोर दोन खिडक्या उघड्या होत्या. एक सरावाच्या मशीनची, दुसरी ग्राहकांच्या खऱ्या मशीनची. दोन्हीकडं नुसता डॉलर. सरावाची समजून मी खऱ्या मशीनवरचं फोल्डर पुसलं. आदल्या रात्रीची प्रत होती म्हणून निभावलं, पण त्या दिवसाच्या नोंदी गेल्या त्या गेल्याच. साहेबांना सांगायला जाताना पाय लटपटत होते.

पुढं ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या नामांकित कंपनीतही असंच झालं. चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा गेली, सुमारे ३०० जीबीचं फोल्डर पुसलं गेलं आणि जवळजवळ सहा तासांचा डेटा कायमचा गेला. त्यांनी चूक लपवली नाही. जाहीर केलेल्या उपायांमध्ये प्रत्येक सर्व्हरचा प्रॉम्प्ट वेगळा ओळखू येईल असा करणं, हाही एक होता.

काम एका ओळीचं. आज्ञा घेणाऱ्या प्रोग्रामला शेल म्हणतात आणि प्रत्येक शेलची बोली वेगळी. ‘बॅश’मध्ये ‘पीएस-वन’मध्ये बॅकस्लॅश-एच लिहिलं की मशीनचं नाव दिसतं, बॅकस्लॅश-डब्ल्यू लिहिलं की फोल्डर. ‘झेडशेल’ला त्याच जागी टक्का-एम आणि टक्का-टिल्ड लागतं. ‘फिश’मध्ये छोटं फंक्शनच लिहायचं. बॅशची ओळ झेडशेलला दिली, तर तो ती अक्षरंच जशीच्या तशी छापतो. २०१९ मध्ये ॲपलनं नव्या मॅकवर बॅशऐवजी झेडशेल दिला, तेव्हा मलाही पाटी नव्यानं लिहावी लागली.

आता माझ्या खऱ्या मशीनची पाटी लाल, सरावाची हिरवी. टीममध्ये आलेल्या नव्या मुलांना पहिल्या दिवशी हेच करायला लावते.

सर, परीक्षेच्या वेळी तुम्ही म्हणायचात, “आधी वरचा विषय वाचा, मग लिहायला लागा.” तेव्हा आम्ही हसायचो. मला ते पटायला एक फोल्डर पुसावं लागलं.